पुरवठादाराचे ऑडिट पडद्यावरून : काय दिसते, काय निसटते?

त्रिज्या

नमस्कार. मी पुरवठादार-गुणवत्ता विभागात गेली नऊ वर्षे काम करते. आमची कंपनी मशीनिंग आणि प्लेटिंग (धातूचा मुलामा) झालेले सुटे भाग पाच देशांतल्या पुरवठादारांकडून घेते. मार्च २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा नाइलाजाने आम्ही व्हिडिओवरून ऑडिटे सुरू केली आणि प्रवास पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांतली निम्मी तशीच राहिली. आता व्यवस्थापनाचा प्रस्ताव असा आहे की, प्रत्यक्ष भेट केवळ नव्या पुरवठादाराला मान्यता देताना द्यावी आणि त्यानंतरची सर्व ऑडिटे दुरूनच करावीत. यावर मला महिनाअखेरपर्यंत लेखी मत द्यायचे आहे.

त्याआधी एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्याच हातून घडला आहे. गेल्या वर्षी एका प्लेटिंगच्या पुरवठादाराचे दोन दिवसांचे दूरस्थ ऑडिट मी केले. कागदपत्रे चोख होती, टाक्यांमधल्या द्रावणाच्या चाचण्या रोजच्या रोज नोंदलेल्या होत्या, गुण आले ९१. तीन महिन्यांनी आमच्याकडे आलेल्या मालाचे प्लेटिंग नखाने खरवडले तरी सुटू लागले. शोध घेतल्यावर कळले की, जवळजवळ निम्मा माल मुख्य लाइनवर न होता आवारातल्याच मागच्या एका शेडमध्ये हाताने बुडवून केला जात होता. पुरवठादाराच्या लेखी संमतीने केलेले रेकॉर्डिंग मी पुन्हा पाहिले. त्यात ती शेड दोनदा दिसते. निळे पत्र्याचे दार, त्याला कुलूप आणि दाराखालून बाहेर आलेला ओलसर डाग. पहिल्या वेळी मी बोलण्यात गुंतले होते, दुसऱ्या वेळी कॅमेरा झटकन पुढे गेला. या दारामागे काय आहे, हे मी विचारलेच नाही.

माझा प्रश्न असा : ऑडिटचा कोणता भाग पडद्यावरून निःशंकपणे करता येतो, कोणता कधीच करू नये आणि ही रेघ आपण कशाच्या आधारे ओढता? ‘तंत्रज्ञान आता फार पुढे गेले आहे’ आणि ‘प्रत्यक्षाला पर्याय नाही’ ही दोन्ही उत्तरे मला कार्यालयात आधीच मिळालेली आहेत.

मायक्रॉन

प्रसंग प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल आभार. पण यातला दोष मला दूरस्थ पद्धतीचा वाटत नाही. कुलूप लावलेले दार समोर आले आणि प्रश्न विचारला गेला नाही, हे प्रत्यक्ष भेटीतही तितकेच घडू शकते.

ऑडिट कसे करावे हे सांगणाऱ्या आयएसओ १९०११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत परिशिष्ट ‘ए’ मध्ये ऑडिटच्या पद्धतींचा तक्ता आहे. त्यात एका बाजूला ‘जागेवर’ आणि ‘दुरून’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माणसांशी संवाद साधून’ आणि ‘संवादाविना’ असे चार कप्पे केलेले आहेत. त्यातला कोणताही कप्पा दुय्यम ठरवलेला नाही. उद्दिष्ट आणि जोखीम पाहून निवड करावी, इतकेच अपेक्षित आहे.

कागदपत्रांचा भाग तर दुरूनच अधिक चांगला होतो, असा माझा अनुभव आहे. प्रत्यक्ष भेटीत ऑडिटर दोन दिवसांतला एक दिवस बैठकीच्या खोलीत फाइली उलटण्यात घालवतो आणि तेही चार माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत असताना. हेच काम आपल्या टेबलावर सावकाश केले तर विसंगती लवकर सापडतात. एक उदाहरण देतो. उच्च ताणबलाच्या पोलादी भागांना प्लेटिंगनंतर ठरावीक वेळेत, आमच्या विनिर्देशाप्रमाणे ४ तासांच्या आत, भट्टीत बेक करावे लागते, नाहीतर हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात. एका पुरवठादाराच्या रजिस्टरात प्रत्येक लॉटची भट्टीत घातल्याची वेळ नीट लिहिलेली होती. मी भट्टीच्या डेटालॉगरची, म्हणजे तापमान आपोआप नोंदणाऱ्या यंत्राची, मूळ फाइल मागवली. थंड माल आत घातला की तापमानाचा आलेख खाली येतो आणि मग सावकाश वर चढतो. या आलेखात एका संपूर्ण शिफ्टमध्ये एकही घसरण नव्हती. म्हणजे भट्टी तापलेली होती, पण तिचे दार कोणी उघडलेलेच नव्हते. जागेवर असतो तर मी तापमानाचा आकडा बरोबर आहे एवढेच पाहून पुढे गेलो असतो.

जुनीफाइल

मायक्रॉन यांचे भट्टीचे उदाहरण उत्तम आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी २८ वर्षे ऑडिटे केली, त्यांपैकी फार तर चाळीस-पन्नास दुरून केली असतील. प्रत्यक्ष भेटीत मला जे सापडले, त्यातले बरेचसे ठरवलेल्या मार्गाबाहेर सापडले. फाटकापासून बैठकीच्या खोलीपर्यंत चालताना दिसलेला भंगाराचा ढीग, स्वच्छतागृहाकडे जाताना दिसलेले रिवर्कचे (सदोष भाग दुरुस्त करण्याचे) टेबल, जेवणाच्या सुटीत बंद असायला हवी होती ती मशीन. मी तर दर दीड तासाने स्वच्छतागृह कुठे आहे असे विचारतो आणि दर वेळी वेगळ्या वाटेने परत येतो. वयामुळे कोणी शंका घेत नाही.

एक प्रसंग सांगतो. एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात क्वेंच टाकीतल्या, म्हणजे तापवलेले भाग बुडवून झटकन थंड करण्याच्या टाकीतल्या, तेलाचे तापमान रोज ६० अंश नोंदलेले होते. टाकीजवळ उभा राहिलो तर चेहऱ्याला झळ बसत होती आणि जळक्या तेलाचा वास येत होता. तबकडीच्या काचेवर बोटाने टकटक केल्यावर काटा थरथरून वर चढला, कारण तो अडकलेला होता. नोंद करणारा कामगार खोटारडा नव्हता. त्याने जे दिसत होते ते लिहिले. कॅमेऱ्यालाही तेच ६० दिसले असते आणि मलाही.

शून्यकाटा

थोडक्यात, ऑडिटरचे नाक ईमेलला जोडून पाठवता येत नाही.

निर्जंतुक

मी अन्नप्रक्रिया क्षेत्रात आहे आणि आमच्याकडचा इतिहास पाहता ‘माणूस जागेवर गेला म्हणजे सत्य सापडले’ हे मानणे मला जड जाते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील एका शेतातल्या खरबुजांतून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. त्या शेताच्या पॅकिंग शेडचे त्याच वर्षी जुलैत ऑडिट झाले होते आणि १०० पैकी ९६ गुण मिळाले होते. खरबुजे धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घातले जात नाही, हे ऑडिटरने अहवालात लिहूनही ठेवले होते. त्याआधी, २००८-०९ मध्ये, शेंगदाण्याच्या उत्पादनांतून साल्मोनेलाची साथ आली, ९ जण दगावले आणि सातशेहून अधिक आजारी पडले. त्या कंपनीकडेही ‘उत्कृष्ट’ शेऱ्याचा ऑडिट अहवाल होता. दोन्ही ठिकाणी ऑडिटर प्रत्यक्ष हजर होते, त्यांना नाक होते, डोळे होते.

तेव्हा माझ्या मते, तारीख आधी कळवली होती का, ऑडिटरची फी कोण देत होते आणि त्याला किती तास दिले होते, हे तीन प्रश्न ‘जागेवर की दुरून’ या प्रश्नाच्या आधी येतात.

जुनीफाइल

निर्जंतुक, तुमचे म्हणणे निरुत्तर करणारे आहे, हे मान्य करतो. पण त्यातून दूरस्थ ऑडिटचे समर्थन होत नाही. ज्याला समोरचे दिसूनही त्याचे महत्त्व कळले नाही, त्याच्या हाती दुसऱ्याने धरलेला कॅमेरा दिला तर त्याला आणखी कमी दिसेल. दुबळे ऑडिट दुरून केले तर ते अधिक दुबळे होते आणि चांगले ऑडिट दुरून केले तर ते थोडे दुबळे होते, असे फार तर म्हणता येईल.

बॅचनंबर

औषधनिर्मितीकडून काही भर घालतो. आमच्या क्षेत्राला सर्वांत मोठा धडा मिळाला तो कोणी न गेल्यामुळे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिन या औषधाचे २००८ चे प्रकरण अनेकांना आठवत असेल. कच्च्या मालात अतिसल्फेटीकृत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलेले होते आणि त्या वेळच्या ठरावीक चाचण्यांत ते हेपारिनसारखेच दिसत असल्यामुळे माल पास होत गेला. चीनमधल्या त्या कारखान्याची मंजुरीपूर्व तपासणी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाने केलेलीच नव्हती, कारण नावातल्या साधर्म्यामुळे आधी तपासलेला दुसराच एक कारखाना तो हाच, असे धरले गेले. ऑडिट कोणत्या पद्धतीने करावे, याच्या आधी ते नेमके कोणत्या जागेचे करायचे हे निश्चित असावे लागते. त्रिज्या यांची शेड मला त्याच जातकुळीतली वाटते.

नियामकांचे वागणेही पाहण्यासारखे आहे. तपासणीच्या आधी किंवा तपासणीऐवजी नोंदी मागवण्याचा अधिकार एफडीएला औषधांच्या बाबतीत २०१२ च्या कायद्याने मिळाला होता. मार्च २०२० मध्ये परदेशातल्या बहुतेक तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या तेव्हा तो अधिकार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. मात्र दुरून केलेल्या मूल्यमापनाला त्यांनी ‘तपासणी’ म्हटले नाही, त्याला वेगळे नाव दिले. आपणही अहवालाच्या पहिल्या पानावर हा फरक स्पष्ट लिहावा. आमच्याकडे एका दूरस्थ ऑडिटचा अहवाल पुढच्या वर्षी कोणीतरी ‘भेट झाली’ म्हणून मोजला आणि त्या पुरवठादाराकडे चार वर्षे कोणी फिरकलेच नाही.

आता पडद्यावरून काय चांगले होते, त्याविषयी. प्रयोगशाळेच्या नोंदींची पीडीएफ मागवू नका. स्क्रीन शेअर करायला सांगून क्रोमॅटोग्राफीचे (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचे) सॉफ्टवेअर समोर उघडायला लावा, ऑडिट ट्रेल (कोणी केव्हा काय केले याची आपोआप होणारी नोंद) वेळेनुसार लावून घ्या आणि अर्धवट सोडलेल्या रन, म्हणजे चाचणीच्या फेऱ्या, शोधा. एकदा मला ‘ट्रायल’ नावाच्या फोल्डरमध्ये अधिकृत नमुन्याच्या वीस मिनिटे आधी यंत्रात सोडलेला तोच नमुना सापडला होता. आधी आकडा पाहून घ्यायचा, मनासारखा आला तर अधिकृत रन करायची, असा तो प्रकार होता. यासाठी विमानाने जाण्याची गरज नव्हती. गरज होती ती माउस कुठे न्यायचा हे मी सांगण्याची आणि समोरच्याने तो तिथेच नेण्याची.

नवशिका

मी या कामात नुकताच आलो आहे. पुढच्या महिन्यात माझे पहिले दूरस्थ ऑडिट आहे. कॅमेरा समोरच्याच्या हातात असताना त्याने आपल्याला हवे तेच दाखवावे, यासाठी आपण सारे प्रत्यक्षात काय करता, हे कोणी सविस्तर सांगेल का?

दुर्बीण

नवशिका, मी वर्षाला साधारण तीस दूरस्थ ऑडिटे करते, त्यामुळे सवयी सांगते, त्यांतल्या जमतील त्या घ्या.

सर्वांत आधी आवाराचा नकाशा मागवावा आणि उपग्रह-चित्राशी ताडून पाहावा. मी छपरे मोजते. नकाशात पाच इमारती आणि चित्रात सात छपरे असतील, तर ऑडिटचा पहिला प्रश्न तयार असतो. चित्र जुने असू शकते, म्हणून आरोप करू नये, फक्त ‘तिथे घेऊन चला’ असे म्हणावे.

मार्ग आधी कळवू नये. विभाग कळवावेत, क्रम कळवू नये. चित्रीकरण सलग हवे. आधी तयार केलेला व्हिडिओ मी पुरावा म्हणून घेत नाही. संपर्क तुटला तर जिथे तुटला तिथूनच पुन्हा सुरू करायचे आणि तुटल्याची वेळ टिपून ठेवायची. पोलादी शेडमध्ये नेटवर्क खरोखरच जाते, त्यामुळे प्रत्येक खंडाला लबाडी समजणे अन्यायाचे होईल. पण एका ठिकाणी तीन वेळा रिजेक्शनच्या जागेजवळच नेटवर्क गेले, तेव्हा मी तो विभाग ‘पाहिला नाही’ असे लिहिले. ‘समाधानकारक’ असे लिहिले नाही. हे लिहिण्याचे धैर्य ठेवा. दूरस्थ ऑडिटच्या अहवालात काय पाहता आले नाही याचा परिच्छेद नसेल, तर तो अहवाल मी अपुरा मानते.

नमुना आपण निवडायचा. मी आमच्या गोदामातला एक भाग हातात घेते, त्यावरचा लॉट क्रमांक कॅमेऱ्याला दाखवते आणि तिथून मागे चालायला सांगते. डिस्पॅच, अंतिम तपासणी, प्रक्रिया, कच्चा माल, धातूच्या गिरणीचे प्रमाणपत्र. प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटे. ‘उद्या पाठवतो’ या उत्तराची नोंद होते. तसेच लाल रंगाची रिजेक्शनची पेटी उघडून आतला माल बाहेर काढायला सांगते. पेटी नेहमीच रिकामी आणि स्वच्छ असेल तर मला आनंद होत नाही. उत्पादन चालू आहे आणि रिजेक्शन शून्य, तर मग खराब भाग जातात कुठे?

गेजवरचे (मापनाच्या उपकरणावरचे) कॅलिब्रेशनचे, म्हणजे अचूकता तपासल्याचे, स्टिकर दाखवतात, तेवढ्यावर थांबू नये. गेजवर कोरलेला क्रमांक दाखवायला सांगावे, कारण स्टिकर निघते आणि दुसरीकडे चिकटतेही.

आणखी एक, ज्याचा फारसा उल्लेख होत नाही. काळवेळेचा फरक आपल्या बाजूचा असतो. समोर रात्रपाळी चालू असते तेव्हा माझी सकाळ असते. प्रत्यक्ष भेटीत रात्री दोन वाजता शॉप फ्लोअरवर किती जण जातात? मी आठवड्यातून दोन सत्रे रात्रपाळीतच ठेवते आणि तिथे प्रशिक्षण, देखरेख आणि पहिल्या नगाची तपासणी यांची खरी स्थिती दिसते. सत्र मात्र दोन तासांपेक्षा मोठे ठेवू नये, कारण त्यानंतर दोन्ही बाजूंचे लक्ष उडते. दोन दिवसांचे ऑडिट मी पाच दिवसांत पसरवते.

त्रिज्या

दुर्बीण, छपरे मोजण्याची युक्ती वाचून मी आत्ताच नकाशा उघडून पाहिला. ती शेड नकाशात आहे. तिच्यावर ‘भांडार’ असे लिहिलेले आहे.

शून्यकाटा

मग त्यांनी खोटे कुठे सांगितले, गुपितेही भांडारातच ठेवतात.

कलम_आठ

रेकॉर्डिंगचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. आयएएफ या प्रमाणनाशी संबंधित आंतरराष्ट्रीय मंचाच्या एमडी ४ या दस्तऐवजाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार, माहिती-तंत्रज्ञान वापरून ऑडिट करण्याआधी माहितीच्या सुरक्षिततेबाबत दोन्ही बाजूंची सहमती आवश्यक आहे. तो दस्तऐवज प्रमाणन संस्थांसाठी (कंपन्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी) आहे, पण आपण ग्राहक म्हणून ऑडिट करत असलो तरी तेच शहाणपण आपल्यालाही लागू पडते. कॅमेरा फिरतो तेव्हा भिंतीवरची दुसऱ्या ग्राहकांची ड्रॉइंग, फळ्यावरची नावे आणि कामगारांचे चेहरे टिपले जातात. युरोपमधल्या पुरवठादाराच्या बाबतीत २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि कामगाराचा चेहरा हा त्याचा वैयक्तिक तपशील ठरतो. मी स्वतः रेकॉर्डिंग टाळतो आणि ठरावीक क्षणांचे स्थिर चित्र घेतो, तेही समोरच्याला दाखवून.

सुरक्षिततेचा मुद्दाही लक्षात ठेवावा. द्रावकांचे कोठार किंवा रंगकामाचा कक्ष अशा स्फोटाचा धोका असलेल्या जागी साधा मोबाइल नेता येत नाही, त्यासाठी प्रमाणित उपकरणच लागते. ‘इथे फोन चालत नाही’ हे उत्तर तिथे खरे असते, पण त्याचा अर्थ तो भाग दुरून पाहता येत नाही असा होतो. तो पाहून झाला, असा होत नाही.

दुसरी_बाजू

मी पुरवठादाराकडे काम करतो, म्हणजे तुमच्या पडद्याच्या आतल्या बाजूला. वाचताना हसू आले आणि थोडा रागही आला.

गेल्या वर्षी आम्ही अकरा ग्राहकांची दूरस्थ ऑडिटे दिली. एका ग्राहकाने चारशेच्या आसपास कागदपत्रे आधी चढवायला सांगितली, त्यांच्या नमुन्यात, त्यांच्या क्रमांकांनी. तीन माणसांचे दोन आठवडे गेले. ऑडिटच्या दिवशी विचारलेल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच कागदांत होती, म्हणजे ते कोणी उघडलेच नव्हते. आमची क्वालिटी इंजिनिअर चार तास फोन धरून फिरली, दुसऱ्या दिवशी तिचा खांदा आखडला. तुमचा प्रवासखर्च वाचतो, तो संपत नाही, आमच्या खात्यावर येतो.

आणि हो, आम्ही हवे ते दाखवतो, हे खरे आहे. पण ते प्रत्यक्ष भेटीतही दाखवतो. भेटीची तारीख महिनाभर आधी कळली की फरशीला रंग लागतो, नवे फलक येतात, त्या दिवशी अडचणीचा माल लाइनवर घेतला जात नाही. अभिमानाने सांगत नाही. ज्या ग्राहकाचा ऑडिटर दोष सापडल्यावर ‘हे कसे सुधारता येईल’ असे विचारतो, त्याला आम्ही स्वतःहून मागची शेड दाखवतो. ज्याला फक्त गुण कापायचे असतात, त्याला रंगवलेली फरशी मिळते.

शून्यकाटा

ताज्या रंगाचा वास तरी तिथे गेल्यावर येतो. जुनीफाइल यांना एक गुण.

हजेरीपट

मी सामाजिक ऑडिट करते, म्हणजे कामाचे तास, वेतन आणि कामगारांची सुरक्षितता. गुणवत्तेच्या चर्चेत हे विषयांतर वाटेल, पण त्रिज्या यांनी ‘कधीच करू नये’ असे काय, हे विचारले आहे आणि त्याचे माझे उत्तर ठाम आहे : कामगारांच्या मुलाखती.

गुणवत्तेच्या ऑडिटातही आपण ऑपरेटरशी बोलतोच. माप बाहेर गेले तर काय करता, लाइन थांबवण्याचा अधिकार आहे का, वगैरे. पडद्यावर तो बोलत असताना फोन कोणाच्या हातात आहे? त्याच्या सुपरवायझरच्या. मी एकदा उत्तर देणाऱ्या मुलीच्या डोळ्यांकडे पाहत होते. प्रत्येक वाक्याआधी तिची नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर, उजवीकडे जाई. तिथे कोणीतरी उभे होते. मी मुलाखत थांबवली, कारण तिने खरे सांगितले असते तर त्याची किंमत तिने मोजली असती.

निर्जंतुक यांच्या मुद्द्यालाही जोडून एक. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याची दारे बंद होती. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला कामगारांच्या हक्क-सुरक्षिततेचे एसए ८००० प्रमाणपत्र मिळाले होते. तेव्हापासून मी, प्रत्यक्ष असो वा दुरून, प्रत्येक दार उघडून दाखवायला सांगते. ‘किल्ली आणतो’ म्हणून माणूस गेला की घड्याळ लावते. आपत्कालीन दाराच्या बाबतीत दोन मिनिटेसुद्धा फार असतात.

निर्जंतुक

हजेरीपट, हे विषयांतर नाही. आमच्याकडेही सफाई करणारा कामगारच सांगतो की यंत्राचा कोणता भाग कधी उघडला जात नाही. व्यवस्थापक ते सांगत नाही, बहुधा त्याला ते माहीतच नसते.

ताळेबंद

या धाग्यात खरेदी विभागाचा मीच एकटा दिसतो, तेव्हा खलनायकाची बाजू मांडतो. आमच्याकडे १४० पुरवठादार आहेत आणि ऑडिटर तीन. प्रत्यक्षच जायचे म्हटले तर प्रत्येकाची पाळी चार वर्षांतून एकदा येते. दुरून केले तर प्रत्येकाला दर वर्षी गाठता येते. चार वर्षांतून एकदा खोल पाहणे चांगले की दर वर्षी उथळ? जुनीफाइल यांच्या नाकाबद्दल मला आदर आहे, पण ते नाक चार वर्षांत एकदाच तिथे पोहोचते आणि मधल्या काळात क्वेंच टाकीचा काटा अडकून बसू शकतो.

जुनीफाइल

ताळेबंद, हा या धाग्यातला माझ्याविरुद्धचा सर्वांत सबळ मुद्दा आहे. तो काटा किती महिने अडकलेला होता, हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. तिमाही संपर्क असता तर, तीन महिने एकही अंश वरखाली न झालेले तापमान पाहूनच कोणाला तरी शंका आली असती.

तरीही एक अट घालतो. दुरून वरचेवर पाहणे उपयोगी पडते ते त्या जागेची ओळख असलेल्या माणसाला. ज्याने तो कारखाना एकदा पायांखाली घातला आहे, त्याला पडद्यावर कोपरा दिसला तरी त्यापलीकडे काय आहे ते आठवते. पहिली भेट ज्याने केली, त्यानेच पुढची दूरस्थ ऑडिटे करावीत. आमच्याकडे भेट एक जण करतो आणि दूरस्थ ऑडिट दुसराच, कारण वेळापत्रकात तसे बसते.

मायक्रॉन

जुनीफाइल यांची ही अट मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ती राहून गेली होती.

किती भाग दुरून करावा, या प्रमाणाविषयी कोणी आकडा विचारेल म्हणून सांगतो. आयएएफच्या एमडी ५ च्या २०१५ च्या आवृत्तीत असे होते की, नियोजित प्रत्यक्ष ऑडिटच्या वेळेपैकी ३० टक्क्यांहून अधिक भाग दुरून करायचा असेल तर प्रमाणन संस्थेने त्याचे समर्थन द्यावे आणि त्यासाठी मान्यताही घ्यावी. ही मर्यादा त्रयस्थ प्रमाणनासाठी होती. ग्राहक म्हणून आपण करतो त्या ऑडिटला असे बंधन नाही, ते आपल्या करारात आपणच घालायचे. २०२४ मध्ये आयएसओ/आयईसी टीएस १७०१२ हा दूरस्थ ऑडिटचाच मार्गदर्शक दस्तऐवज आला आहे. व्यवस्थापनाला पाठवायच्या टिपणात त्याचा संदर्भ दिल्यास वजन पडेल.

कागदपत्रांवरच्या माझ्या विश्वासालाही मर्यादा आहे, हे कबूल केले पाहिजे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टीलने ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या उत्पादनांच्या तपासणीतले आकडे बदलल्याचे मान्य केले. बदललेला आकडा कागदावर खऱ्या आकड्याइतकाच नीटनेटका दिसतो. म्हणून प्रमाणपत्र न पाहता मोजमाप यंत्राची मूळ फाइल पाहावी आणि अधूनमधून आलेल्या मालातला एखादा नग बाहेरच्या प्रयोगशाळेत मोजून घ्यावा. माझ्या मते तो नग हासुद्धा दूरस्थ ऑडिटचाच भाग आहे.

त्रिज्या

सर्वांचे मनापासून आभार. मी टिपणाचा मसुदा केला आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते.

‘पुरवठादाराची प्रक्रिया, जागा किंवा गुणवत्ताप्रमुख बदलल्यास, गंभीर तक्रार आल्यास आणि तसे काही न घडल्यासही किमान तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग यांसारख्या ज्या प्रक्रियांचा दोष तयार नग पाहून कळत नाही, त्यांच्यासाठी ही मुदत एक वर्ष असावी. प्रत्यक्ष भेट केलेल्या व्यक्तीनेच पुढील दूरस्थ ऑडिटे करावीत. दूरस्थ ऑडिटात नोंदी मूळ प्रणालीतून पाहाव्यात, मार्ग व नमुना ऑडिटरने निवडावा, एक सत्र रात्रपाळीत घ्यावे आणि न पाहिलेल्या भागांची यादी अहवालात द्यावी. कामगारांशी होणारे संवाद प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवावेत. पुरवठादाराने आवारातील त्याच्या मालकीच्या सर्व इमारती मागणी होताच उघडून दाखवाव्यात.’

आधी कागदपत्रे किती मागवावीत, यावर दुसरी_बाजू यांच्या प्रतिसादानंतर मी मर्यादा घातली आहे : जेवढी ऑडिटर स्वतः वाचून त्यावर प्रश्न लिहून आणेल तेवढीच. बॅचनंबर यांच्या सूचनेप्रमाणे अहवालाच्या पहिल्या पानावर ऑडिटची पद्धत लिहिणार आहे. न कळवता भेट देण्याचे कलमही मी घातले होते, ते वरिष्ठांनी तोंडीच नाकारले आहे. त्याऐवजी दोन दिवसांची पूर्वसूचना मान्य होईल असे दिसते.

दुसरी_बाजू

दोन दिवसांत फरशीचा रंग वाळत नाही. चालेल.

कलम_आठ

मसुदा चांगला आहे. शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो. ‘त्याच्या मालकीच्या’ हे शब्द काढा. शेड भावाच्या नावावरच्या दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिली आहे, असे सांगून ते दार पुन्हा बंद राहील. ‘आमचा माल जिथे ठेवला जातो किंवा जिथे त्यावर प्रक्रिया होते अशी प्रत्येक जागा, ती कोणाच्याही नावावर असो’ असे लिहा आणि कोणत्या प्रक्रिया कोणत्या जागी होतात याची सही केलेली यादी कराराला जोडा.

त्रिज्या

ती शेड खरोखरच दुसऱ्या कंपनीच्या नावावर होती. भावाच्या नव्हे, मेहुण्याच्या. दुरुस्ती केली आहे.